रिकाम्या हाताचा वेग

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठीवर. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते आणि गेटवर वाटून उरलेली युनियनची पत्रकं घरी आणायचे. एका बाजूला ‘कामगार बंधू-भगिनींनो’, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर माझं शुद्धलेखन चालायचं, आणि कागद उलटा केला की कुणीतरी कुणाला तरी कसं फसवलं त्याची हकीकत असायची. कुठलाही कागद हातात आला की आधी त्याची मागची बाजू बघायची, ही खोड मला तेव्हा लागली. लग्नाची पत्रिकाही मी उलटून बघते.

म्हणून आई एके दिवशी चाकणहून कामावरून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, “आज आमच्या हाताचं शूटिंग झालं, कलेसाठी,” तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हा : “सही कशावर घेतली?”

“चहा तर पिऊ दे की गं.”

“आधी सही.”

“एक कागद होता. इंग्रजीत.”

“आणि तू केलीस?”

“सगळ्यांनी केली. सुपरवायझर म्हणला, करा. तू तर लगेच पोलिसासारखी विचारायलीस.”

आई मूळची मराठवाड्याची. पिंपरी-चिंचवडमध्ये तिची तीस वर्षं गेली, तरी राग आला किंवा आनंद झाला की तिचं बोलणं गावाकडे जातं. त्या दिवशी ते आनंदानं गेलं होतं. माझा संशय तिथेच बळावला. कंपनीनं दिलेल्या आनंदाला आमच्या घरात कधी फार चांगलं नाव नव्हतं.

आई काय काम करायची ते सांगायला हवं. गाडीच्या पोटात वायरींचा एक मोठा जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. तो हातानं बनतो. समोर तिरकी उभी फळी, तिच्यावर खुंट्या. ठरलेल्या खुंट्यांवरून रंगीत वायरी ओढत न्यायच्या, टोकं कनेक्टरमध्ये टचकन बसवायची आणि शेवटी सगळ्यावर काळी टेप गुंडाळत यायची. त्या फळीला बायका बोर्ड म्हणतात. एका बोर्डाला चार मिनिटं, हे लाईनचं टार्गेट. लाईनवर चाळीस बायका, सगळ्या ठेकेदाराच्या.

आईला खरी लागायची पावणेतीन मिनिटं. हे कंपनीला माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये यासाठी चाळीस बायका रोज मेहनत घ्यायच्या. मधूनमधून एक इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन यायचा. तो दारात दिसला की पहिल्या बोर्डावरची बाई टेपचा रोल खाली पाडायची. रोल पडल्याचा आवाज आला की सगळ्या लाईनचा हात जड व्हायचा. ‘हात जड करणे’ हा त्यांचा शब्द. त्याला आळस म्हणणाऱ्यानं एकदा करून बघावं. वायर तीच, खुंटी तीच, फक्त प्रत्येक हालचालीत एक श्वास घालायचा, आणि तोही असा की बघणाऱ्याला वाटावं, बाई जीव तोडून काम करते आहे. जलद हात पंधरा दिवसांत येतो, जड हात यायला महिना लागतो, असं आई म्हणते.

हे का करायचं, तेही साधं आहे. वेग मोजतात तो सगळ्यात चलाख बाईचा, आणि घरी बसते ती सगळ्यात सावकाश बाई. आईच्या डावीकडे एक मावशी उभी राहायची. पुनावळ्याच्या जुन्या घरातली. जिथे त्यांचं शेत होतं तिथे आता अठरा मजली इमारती आहेत. तिचा उजवा अंगठा सुजलेला असायचा. ती बरोबर चार मिनिटांत बोर्ड पुरा करायची, एक सेकंद कमी नाही. टार्गेट साडेतीनवर आलं असतं तर पुढच्या महिन्यापासून तिच्या स्टॉपवर कंपनीची बस थांबली नसती. काढून टाकलं असं तिथे कुणी म्हणत नाही. बस थांबत नाही, एवढंच.

हे मी आता लिहू शकते, कारण ती लाईन आता त्या जागी नाही. ते काम वेगळ्याच कारणानं दुसरीकडे गेलं. तरी छापायला देण्याआधी आईनं हा मजकूर वाचला, आकडे थोडे बदलायला लावले आणि दोन जागा खोडल्या. संशय मला वडिलांकडून आला असं मी समजत होते. तसं नसावं.

तर त्या दिवशी झालं होतं असं. वाकडला स्टुडिओ असलेला एक तरुण कलाकार कंपनीत आला होता. केसांचा बुचडा बांधलेला, सगळ्यांना काकू म्हणणारा. पाच बायकांना त्यानं वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत नेलं. त्या मजल्यावर आई आठ वर्षांत पहिल्यांदाच गेली. गार हवा, फिरत्या खुर्च्या, कपबशीतला चहा. त्यानं त्यांच्या हातांत काळे मोजे घातले, प्रत्येक बोटाला तार लावलेले. हात हलवला की समोरच्या पडद्यावर ठिपक्यांचा हात हलायचा. मग म्हणाला, समजा, तुमच्यासमोर बोर्ड आहे. करा.

“बोर्ड नव्हताच?” मी विचारलं.

“न्हवता. वायर नाही, टेप नाही, काहीच नाही. हवेत करायचं. आम्ही हसून हसून बेजार. मग मावशी म्हणली, कर की, हितं कोन बघतंय तुला?”

“आणि तू केलंस.”

“केलं.”

“कसं केलंस?”

“जसं येतं तसं.”

“आई, हात जड केला होतास की नाही?”

तिनं कप खाली ठेवला. मग हळू म्हणाली, “घड्याळ न्हवतं गं तिथं. सुपरवायझर बी बाहेर. अन् ते पोरगं म्हणलं, तुम्हाला आवडतं तसं करा. आठ वर्षांत असं कुणी म्हणलं न्हवतं.”

स्टॉपवॉचवाल्याला त्या बायकांनी झोपेतही ओळखलं असतं. त्याचा बूट, त्याची कागद अडकवायची पाटी, त्याचं उगाच खोकणं. पण घड्याळच कुणी बोटात घातलं आणि त्याला कला म्हटलं, तर ते कसं ओळखायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळी मला वाटलं, मला मात्र ते येतं.

दोन दिवसांनी मी वाकडला गेले. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, आधी बुटांचं दुकान असलेल्या गाळ्यात, प्रदर्शनाची तयारी चालू होती. मी तेव्हा पुनावळ्याच्या एका क्लासमध्ये मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कामगारांच्या एका छोट्या मासिकात लिहायचे. कलाकाराला मी यातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की तुम्ही शूट केलेल्या बाईंची मी मुलगी. तो इतका खूश झाला, की मला आणखी संशय आला.

गाळ्याच्या मधोमध काच होती. काचेच्या अलीकडे एक खरा हार्नेस टांगलेला, काळा, जड, ट्यूबलाइटखाली लोंबणारा. पलीकडे अंधार. त्यानं माझ्या डोक्यावर व्हीआरचा, डोळे झाकणाऱ्या चष्म्यासारखा ठोकळा चढवला आणि हातात मोजे घातले. आधी काहीच दिसेना. मग अंधारात दोन हात उमटले. ठिपक्यांचे. मनगट थोडं बाहेर वळलेलं, डाव्या करंगळीचं टोक वाकडं. ती करंगळी लहानपणी दारात सापडलेली. आईचे हात.

“आता तुझे हात त्यांच्यात घाल,” तो बाहेरून म्हणाला. “आत.”

मी घातले. हात सुरू झाले. मी त्यांच्याबरोबर राहायचा प्रयत्न केला आणि पहिल्या तीन खुंट्यांतच मागे पडले. वायर घेतली, ओढली, वळवली, दाबली, पुढची घेतली. माझे हात तिच्या हातांतून बाहेर पडत होते, पुन्हा शोधत होते, पुन्हा सुटत होते. बोटांत काही नव्हतं आणि तरी मला घाम फुटला. मी आठ वर्षं त्या बाईचा डबा भरला होता. ती दिवसभर काय करते ते मला पहिल्यांदा कळलं. आणि ते कळत असतानाच कोपऱ्यात बारीक आकडे पळताना दिसले. हात थांबले तेव्हा आकडेही थांबले. दोन मिनिटं, चव्वेचाळीस सेकंद.

मी ठोकळा काढला. “हा आकडा काय आहे?”

“टाइमकोड. शोमध्ये दिसणार नाही. का?”

“हे कंपनीकडे जाणार?”

“फायनल व्हिडिओ जाईल. ते स्पॉन्सर आहेत ना. शनिवारी ओपनिंगला त्यांचे प्लांटचे मोठे साहेब येणारेत.”

“आणि मोज्यांमधला सगळा डेटा?”

“तो माझा. म्हणजे... अॅग्रीमेंट बघावं लागेल.”

‘म्हणजे’नंतर जे येतं त्यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवत नाही. पण तो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता, तो रंगात आला होता. त्यानं लॅपटॉपवर दुसरं चित्रण लावलं. त्याच दिवशी आधी घेतलेलं, लाईनवरचं, खऱ्या बोर्डासमोरचं. हेही आईच. “इथे बघ. खऱ्या वायरीवर चार मिनिटं. आणि इथे, हवेत, पावणेतीन. मटेरियल गेलं, की शरीर फ्री होतं. फिजिकल आणि व्हर्च्युअलमधली सीमा लोक कुठे कुठे शोधतात. मला ती सापडली. सव्वा मिनिट!”

दारावर लावायच्या फलकाचा नमुना बाजूला टेकवून ठेवला होता. वर इंग्रजी, खाली मराठी : ‘वस्तूचे ओझे अनुपस्थित असताना हात स्वतःला मुक्ततेकडे सादर करतो.’

त्या मराठीनं माझं डोकं फिरलं, की त्यातल्या अर्थानं, हे आता सांगता येणार नाही. बहुधा दोन्हींनी. “सव्वा मिनिट वायरीचं नाही,” मी म्हणाले. “टार्गेटचं आहे!” आणि मी त्याला सगळं सांगितलं. स्टॉपवॉचवाला, टेपचा रोल, जड हात, मावशीचा अंगठा, न थांबणारी बस. तुझ्या काकू हवेत मुक्त झाल्या नाहीत रे, त्या फक्त पहाऱ्याबाहेर आल्या होत्या, आणि तो पहारा तू मोज्यात घालून आणलास.

तो स्टुलावर बसला. मला वाटलं, शरमला. पण तो वर बघून म्हणाला, “हे तर... हे कितीतरी मोठं आहे. मी टेक्स्ट बदलतो. हेच लिहितो. दारावर, मोठ्या अक्षरात.”

“साहेबांसमोर?”

“साहेबांसमोर. आपण काय घाबरतो का?”

मीही घाबरत नव्हते. मी त्याच्याबद्दल चुकीचं धरून चालले होते असं मला वाटलं, आणि एखाद्याबद्दलचा संशय खोटा ठरण्यात जो एक हलकेपणा असतो तो घेऊन मी मॉलच्या पायऱ्या उतरले. कंपनीच्या पैशानं कंपनीच्याच तोंडावर खरं बोललं जाणार होतं. त्या फलकाला जोड म्हणून दारात एक पत्रक हवं, हे मला रिक्षातच सुचलं. मथळाही सुचला : ‘सव्वा मिनिट कुणाचं?’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते एका बैठकीत लिहून काढलं आणि चिंचवड स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तीनशे प्रती काढून आणल्या. वडिलांनी वाचून एक अनुस्वार दुरुस्त केला आणि म्हणाले, “झ्याक.” त्यांच्या तोंडून हा शब्द मी दहावीच्या निकालालाही ऐकला नव्हता.

संध्याकाळी आई आली. गठ्ठा पलंगावर होता. तिनं वरचा कागद उचलला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली. अर्ध्यावर बोट थांबलं.

“कुणाकुणाला दिलंस हे?”

“अजून कुणाला नाही. शनिवारी मॉलच्या दारात वाटणार.”

“वाच.”

“अगं, मीच लिहिलंय.”

“मोठ्यानं वाच. सायब समोर बसलाय अन् ऐकायलाय, असं समज.”

मी वाचायला लागले. पहिला परिच्छेद चांगला होता. दुसऱ्याची सुरुवात अशी होती : ‘चाकणच्या कामगार भगिनी आपला खरा वेग कंपनीपासून लपवून ठेवतात, आणि तसं करणं हा त्यांचा हक्क आहे.’ हे वाक्य मी रिकाम्या खुर्चीकडे बघून वाचलं, आणि त्या खुर्चीत साहेब बसलेला मला दिसला. तो चिडलेला नव्हता. तो मान हलवून लिहून घेत होता.

मी कागद खाली घेतला.

“हक्क आहे म्हणं,” आई म्हणाली. “आता वाच की पुढं.”

“आई, मला तसं—”

“ते पोरगं घेऊन गेलं ते हवेतलं. त्यातून कुणाला काय कळलं न्हवतं. तू वस्ताद. तू अर्थ लावून दिलास, वर टाईप करून.” मग तिचा आवाज एकदम बदलला. “त्याला तर नाही सांगितलंस?”

मी सांगितलं, की त्याला सगळं माहीत आहे आणि तो ते दारावर लिहिणार आहे.

वडील मधे पडले. “पण जे खरं आहे ते खरंच आहे ना? आज ना उद्या—”

“तुमच्या खऱ्यानं मावशीच्या स्टॉपवर बस थांबणार हाय का?” आई त्यांच्याकडे वळली. “तुमच्या टायमाला तुम्ही परमनंट होता. गेटवर ओरडलाव तर सस्पेंड व्हायचाव, चौकशी व्हायची, कागद यायचा. आम्हाला कागद बी येत नाही. खरं बोलायला बी पाया लागतो हो.”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. त्या रात्री तीनशे पत्रकं मी बादलीत भिजत घातली.

गुरुवारी चाकणची सुट्टी. आई आणि मावशी माझ्याबरोबर वाकडला आल्या. मावशी मॉलमध्ये पहिल्यांदाच येत होती. सरकत्या जिन्यावर तिनं आधी चप्पल काढली, मग माझ्याकडे बघून परत घातली. “हितं माजी सून येती रोज,” ती म्हणाली. “लादी पुसाया. मला कवा बोलली न्हाई, जिना पळतो म्हणून.”

कलाकारानं आनंदानं नवा फलक दाखवला. मोठी अक्षरं, लाल. दोघींनी तो वाचला. मावशी अक्षरं जुळवत वाचायची, तिला वेळ लागला. मग आई म्हणाली, “हे काढा.”

“काकू?”

“आधीचं लावा. ते वस्तूचं ओझं का काय होतं ते.”

“पण काकू, ते चूक होतं! मला आता खरं काय ते माहीत झालंय.”

“मग विसरा.”

“असं कसं विसरू?”

“आरं, आमी रोज सायबाम्होरं इसरतो,” मावशी म्हणाली. “तुला येका शनवारी जमंना व्हय?”

तो हसला नाही. तो खरोखर दुखावला होता, आणि मला त्याचं दुखणं कळत होतं, कारण दोन दिवसांपूर्वी मीही तेच दुखणं घेऊन बसले होते. “म्हणजे मी जाणूनबुजून खोटं दाखवायचं,” तो म्हणाला. “माझं नाव आहे त्यावर.”

“परवापर्यंत तेच खरं वाटायलं होतं ना तुम्हाला?” आई म्हणाली. “मनापासून वाटायलं होतं. तसंच वाटू द्या. तुमचं खोटं न्हवतं, चुकलं होतं. चुकलेलं राहू द्या, एवढंच मागायलाव आम्ही.” मग तिनं मावशीचा हात उचलून त्याच्यासमोर धरला, सुजलेला अंगठा वर. “हे बघा. हे तुमच्या मोज्यात मावलं न्हवतं, म्हणून तुम्ही मावशीचं शूटिंग नीट घेतलं नाही. आठवतंय?”

त्याला आठवत होतं. त्यानं त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग लाल फलक भिंतीकडे तोंड करून उभा केला.

मी माझ्या सवयीप्रमाणे कागद मागितला. मोज्यांमधला डेटा कुणालाही देणार नाही, असं त्यानं मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. त्या कागदाचा कायद्यात काही उपयोग नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो सही करत असताना मी त्याच्या हाताकडे बघत होते, आणि तो माझ्याकडे.

“एक आहे,” तो म्हणाला. “त्या आधीच्या टेक्स्टचं मराठी फार वाईट होतं. तू लिहिशील?”

असं ते माझ्यावर आलं. जे चूक आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तेच चांगल्या मराठीत लिहायचं. मी बुटांच्या दुकानाच्या जुन्या काउंटरवर बसले आणि लिहिलं : ‘हातातली वायर गेली, की हाताला वजन उरत नाही. इथे दिसतो तो वायरीवाचूनचा वेग आहे.’ आईनं वाचलं. म्हणाली, आणखी एक वाक्य घाल. तिनं सांगितलं तसं मी घातलं : ‘खऱ्या बोर्डावर हे कुणालाच शक्य नाही.’

माझ्या आजवरच्या लिखाणात इतकी स्वच्छ वाक्यं फार थोडी आहेत. शेवटचं तर इतकं साधं आहे की कुणीही विश्वास ठेवील. पत्रकं लिहून मी एवढं शिकले होते, की वाक्य लहान असलं की माणसं त्याच्याशी भांडत नाहीत. ते शिक्षण असं वापरावं लागेल हे ठाऊक नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी पाच बायकांना कंपनीनं आवर्जून बोलावलं होतं. आईनं मोरपंखी साडी नेसली. साहेब आले, बरोबर चार-पाच जण. फुलांचे गुच्छ झाले. कलाकार थोडं बोलला. नजर जमिनीवर ठेवून, जे ठरलं होतं तेवढंच. मग साहेबांनी ठोकळा डोक्यावर चढवला, मोजे घातले आणि माझ्या आईच्या हातांत आपले हात घातले. मी दाराशी उभी होते. ते दुसऱ्याच खुंटीला मागे पडले. त्यांचे हात हवेत चाचपडत राहिले आणि बरोबरचे लोक बेतानं हसले.

ठोकळा काढून त्यांनी कपाळ पुसलं. “कमाल है. हे कुणाचे हात?”

कलाकारानं आईकडे बोट केलं.

“ताई, तुमचे? मग लाईनवर का असं होत नाही?”

ते हसतच म्हणाले. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एकाच्या काखेत पाटी होती. तो प्रदर्शनातही पाटी घेऊन आला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मावशीची मान खाली गेली आणि मला समजलं, तो कोण.

“साहेब,” आई म्हणाली, “लाईनवरची वायर काढून घ्या, उद्यापासून होतंय.”

आधी बायका हसल्या, मग साहेब, मग सगळे. साहेब फलकाकडे वळले आणि त्यांनी तो वाचला. वरचं इंग्रजी नाही, माझं मराठी. ओठ हलवत. मग म्हणाले, “बरोबर आहे. पण ताई, एकदा करून दाखवा ना. इथेच. लाइव्ह.”

कलाकार पुढे झाला. “सर, सिस्टीम आता—”

“दाखवते की,” आई म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला आणि मोजे घातले. ठोकळा नको म्हणाली. अंधार कशाला, म्हणाली. खऱ्या हार्नेसला पाठ करून ती उभी राहिली आणि तिनं हात वर केले. त्या क्षणी मला कळेना, ती काय करणार. हात जड केला तर फलकावरचं वाक्य पडतं. जलद केला तर पाटीवाला समोर उभा आहे. मी तिच्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून की हो म्हणून, देव जाणे.

तिनं सुरुवात केली. आणि ती उडाली. वायर घेतली, ओढली, वळवली, दाबली. जे नव्हतं ते दिसू लागलं : इथे लाल, इथे पिवळी, इथे कनेक्टरचा टच. मागच्या पडद्यावर ठिपके तिच्याबरोबर धावताना मागे पडत होते. त्या खोलीतल्या तिच्या पावणेतीन मिनिटांहूनही हे वेगळं होतं. आठ वर्षं चाळीस बायकांत, स्टॉपवॉचसमोर जे तिनं दाबून धरलं होतं, ते ती कंपनीच्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर, ट्यूबलाइटमध्ये, उघड्यावर करत होती, आणि मी लिहिलेल्या एका खोट्या वाक्याच्या आडोशानं करत होती. मावशी तोंडावर पदर धरून उभी होती. मी पाटीवाल्याकडे बघत होते. त्याची पाटी काखेतच होती. पण त्याचा डावा हात खिशात होता. खिशात फोन असतो, आणि फोनमध्ये घड्याळ असतं.

आईनं शेवटची टेप गुंडाळली, हवेतच तोडली आणि हात खाली घेतले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. पाटीवाल्यानं खिशातून हात काढला. तोही टाळ्या वाजवायला लागला. हातात काही नव्हतं.

“गजब, ताई,” साहेब म्हणाले.

आई धापा टाकत होती. तिनं एकेक बोट सोडवत मोजे काढले, कलाकाराच्या हातात दिले आणि पदर सोडून खांद्यावर घेतला.

“हवेत काय हो, साहेब,” ती म्हणाली. “कुणालाही जमतं.”